मापावरच्या रेघांना पेटंट मिळतं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अंबड औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट चालवणारे एक वाचक लिहितात. घरची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. बागेत फवारणीचं औषध मोजायला बाटलीचं बूच, चहाचा ग्लास, हाताला लागेल ते वापरतात हे पाहून त्यांनी एक माप बनवलं. त्यावर नेहमीच्या मिलीच्या रेघा नाहीत. चार उभे रकाने आहेत, लिटरमागे अर्धा, एक, दोन आणि अडीच मिली अशा डोससाठी. प्रत्येक रकान्यात एक रेघ १५ लिटरच्या पंपाची, एक २०० लिटरच्या ड्रमची. गुणाकार करायचा नाही, रेघेपर्यंत भरायचं आणि ओतायचं. गेल्या हंगामात ही मापं काही कृषी सेवा केंद्रांतून विकली गेली, एका कृषी प्रदर्शनात मांडली, शेतकऱ्यांच्या ग्रुपवर व्हिडिओही फिरला. आता कुणी नक्कल करेल अशी भीती आहे. मेहुणे म्हणतात, "रेघोट्यांचं कसलं आलंय पेटंट?" एक सल्लागार म्हणतो, रेघा छापू नका, साच्यातच उठवा, मग पेटंट नक्की. त्यासाठी तो मोठी रक्कम मागतो आहे, आणि पुढच्या लॉटवर आत्ताच "पेटंटेड" छापा असंही त्याचं म्हणणं. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: "फिरत्या बाहीचं दुसरं मॉडेलही केलं होतं, जास्तीचं औषध आपोआप परत बाटलीत जायचं, पण बाहीतून पाझरायचं म्हणून ठेवून दिलं." त्यांचा प्रश्न: छापलेल्या रेघांवर पेटंट मिळू शकतं का, आणि सल्लागाराला पैसे द्यावेत का?

नमस्कार दादा,

तुमचं माप फार कामाचं आहे, हे आधी सांगते. लिटरमागे दोन मिली म्हणजे पंपाला तीस आणि ड्रमला चारशे, हा हिशोब कागदावर सोपा वाटतो. पहाटे डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीने बागेत उतरलेल्या माणसाला, हातमोजे घातलेल्या हाताने, तो दर टाकीला करायचा असतो. तिथे अंदाजपंचे काम चालतं आणि एखाद्या टाकीत दुप्पट औषध जातं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. ती गोष्ट नुसत्या मापाची नव्हती, पण औषध किती गेलं याची किंमत काय असते हे तिने सगळ्यांना दाखवलं. म्हणून मेहुण्यांच्या "रेघोट्या" या शब्दाने तुम्ही खट्टू झालात ते मला समजतं.

तरीही पेटंटच्या प्रश्नावर मेहुणे बरेचसे बरोबर आहेत. का, ते नीट सांगते, कारण त्या "का"मध्येच तुमच्या पुढच्या कामाची दिशा आहे.

आपल्या पेटंट कायद्यात, म्हणजे १९७० च्या कायद्यात, कलम ३ मध्ये कशाकशाला शोध म्हणायचं नाही याची यादी आहे. त्यातलं (एन) हे उपकलम म्हणतं की माहितीची मांडणी हा शोध नाही. ती माहिती शब्दांत असो, खुणांत असो, आकृतीत असो. पेटंट कार्यालयाच्या नियमपुस्तिकेत याचं एक उदाहरण आहे. बोलणं शिकवण्यासाठी छापलेला मजकूर, ज्यात कुठे जोर द्यायचा ते आडव्या रेघांनी दाखवलंय आणि उभ्या रेघांनी शब्दांचे लयीत गट पाडलेत. शिकणाऱ्याला त्याचा खरोखर उपयोग होतो. तरी पेटंट नाही, कारण रेघा वाचणाऱ्याला काही सांगतात, त्यापलीकडे कागद पूर्वीसारखाच राहतो.

म्हणजे उपयोगी असणं, नवं असणं आणि पेटंट मिळण्याजोगं असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या पत्रात त्या एकात एक मिसळल्या आहेत. या विषयावर ज्यांची पत्रं येतात त्यांपैकी बहुतेकांचं असंच होतं.

आता गंमत बघा, तुमच्या मापाचा जवळजवळ सख्खा भाऊ म्हणावा असा खटला अमेरिकेत १९६९ साली होऊन गेला आहे. मिलर नावाच्या अर्जदाराची स्वयंपाकघरातली मापं होती. पाककृती अर्धी करायची असेल तर प्रत्येक जिन्नस निम्मा करत बसण्याऐवजी, पुस्तकात लिहिलेल्या आकड्याच्याच रेघेपर्यंत भरायचं. रेघा अशा ठिकाणी मारलेल्या की प्रत्यक्षात ठरलेल्या पटीत कमी मोजलं जाईल, आणि ही पट कोणती ते मापावर लिहिलेलं. पेटंट कार्यालय म्हणालं, हा तर छापील मजकूर. न्यायालयाने मात्र अर्जदाराची बाजू घेतली. माप, त्यावरच्या रेघा आणि तो मजकूर यांचं एकमेकांशी कामाचं नातं आहे, एक काढलं तर बाकीच्यांचा उपयोग उरत नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे १९८३ साली गुलाक खटल्यात एका वर्तुळाकार पट्ट्यावर ठरावीक गणिती क्रमाने छापलेल्या अंकांनाही असाच कौल मिळाला. पट्टा गोल आहे म्हणून अंकांचा क्रम कुठे तुटत नाही आणि अंक आहेत म्हणून पट्ट्याला अर्थ आहे, असा तो युक्तिवाद.

याच्या उलट बाजूचे निकालही आहेत. २००४ च्या एनगाय खटल्यात प्रयोगशाळेतल्या जुन्याच रसायनांच्या संचात नव्या सूचनांचा कागद घातला होता. न्यायालयाने पेटंट नाकारलं. तव्यावर नवी पाककृती छापली म्हणून तवा नवा होत नाही, असंच म्हणा ना. २०१८ साली एका अर्जदाराने फाशांच्या फक्त एका, दोन किंवा तीन बाजूंवर खुणा करून खेळ बसवला होता. त्यालाही नकार मिळाला, कारण खुणा खेळणाऱ्याला डाव कळवण्यापलीकडे काही करत नव्हत्या.

हे सगळं वाचून "मग माझं मिलरसारखंच आहे की!" असं तुम्हाला वाटेल. मी तुम्हाला इथे थांबवते. अमेरिकेतला निकाल आपल्या पेटंट कार्यालयावर बंधनकारक नाही आणि आपल्याकडे (एन) हे उपकलम कायद्यातच लिहिलेलं आहे. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. मिलरचा निकाल तुमच्या बाजूने वापरायला जाल तर तोच तुमच्या विरोधात उभा राहतो. हव्या त्या पटीत मोजायचं म्हणून रेघांच्या जागा बदलायच्या, ही कल्पना त्या निकालाने ५० वर्षांपूर्वीच जगजाहीर केली आहे. तिथे साखर-मैदा होता, इथे बुरशीनाशक आहे. दोन मिलीला पंधराने आणि दोनशेने गुणून रेघ मारणं हे मोजमापाच्या भांड्यांची माहिती असलेल्या कोणालाही सुचेल असं पेटंट कार्यालयाचा परीक्षक म्हणेल, आणि त्याला खोडून काढणं अवघड आहे. पंपाचे सात-आठ मिली वाचता यावेत म्हणून तुम्ही तळ निमुळता ठेवलाय, ते चांगलंच केलंत. पण औषधविक्रेत्यांकडची शंकूच्या आकाराची काचेची मापं त्याच कारणाने तशी असतात आणि ती फार जुनी आहेत.

आता सल्लागाराचा मुद्दा, की रेघा छापायच्या नाहीत, साच्यात उठवायच्या. तंत्र म्हणून मला तो शंभर टक्के पटतो, आणि हे तुम्ही नक्की करा. ईसी प्रकारच्या, म्हणजे पाण्यात मिसळल्यावर दुधाळ होणाऱ्या औषधांमध्ये द्रावक असतात, ते शाई खातात. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकवर तर आधी ज्योत किंवा विजेचा झोत (कोरोना ट्रीटमेंट) फिरवल्याशिवाय शाई नीट धरतच नाही. अर्धी पुसलेली रेघ असलेलं माप बिनरेघेच्या मापापेक्षा घातक, कारण माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो. पण पेटंटच्या दृष्टीने शाईची रेघ आणि उठावाची रेघ यांत काही फरक पडत नाही. परीक्षक विचारतो की हा भाग इथे कशासाठी आहे? वाचणाऱ्याला काही कळवण्यासाठी असेल तर तो माहितीच, मग तो छापा, कोरा किंवा पडद्यावर दाखवा. "उठवलं की पेटंट नक्की" असं सांगणारा एक तर विषय जाणत नाही किंवा तुम्हाला पूर्ण सांगत नाही. पेटंट मिळेलच अशी हमी या व्यवसायातला प्रामाणिक माणूस कधीच देत नाही. तो पेटंट कार्यालयाच्या यादीतला नोंदणीकृत पेटंट एजंट आहे का, एवढं आधी बघा. यादी सगळ्यांना पाहता येते.

पहिल्या मापाबद्दल अजून एक कडू गोष्ट सांगायची राहिली. रेघांचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी ते माप तुम्ही विकलं आहे, मांडलं आहे, व्हिडिओत दाखवलं आहे. अर्ज करण्यापूर्वी शोध जगासमोर आला की त्याचं नवेपण संपतं, मग तो तुम्ही स्वतः आणलेला का असेना. प्रदर्शनासाठी कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने त्यासाठी राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांनाच. दुकानातून केलेल्या विक्रीला ती लागू होत नाही. वाचणाऱ्या बाकीच्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे: आपल्याकडे नवं काही बनवलं की आधी स्टॉल लावायचा आणि पुढच्या वर्षी पेटंटचा विचार करायचा, हा क्रम उलटा करा. अर्ज आधी, स्टॉल नंतर.

मग काहीच उरलं नाही का? दादा, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही शेवटी आणि घाईत लिहिली आहे. पाझरणारी बाही.

मला ते मॉडेल जसं समजलं तसं सांगते. मापाच्या भिंतीत तिरक्या ओळीत भोकं आहेत, प्रत्येक वेगळ्या उंचीवर. बाहेरून एक बाही, म्हणजे गोल आवरण, फिरते आणि तिला एक उभी फट आहे. बाही "ड्रम, दोन मिली" या खुणेवर आणली की फक्त त्या उंचीचं भोक उघडं राहतं. वरपर्यंत औषध ओतलं तरी जास्तीचं त्या भोकातून बाहेरच्या कप्प्यात जातं आणि चोचीने परत बाटलीत. माणसाने रेघेशी डोळा लावून बघायची गरजच नाही. अंधार असो, चष्मा घरी राहिलेला असो, माप स्वतः थांबतं.

इथे खुणेचं काम बदललं. पहिल्या मापात खूण माणसाला सांगते आणि बाकी सगळं माणूस करतो. दुसऱ्यात खूण, फट आणि भोक मिळून द्रवाची पातळी ठरवतात. (एन) उपकलमाचा अडसर इथे बराच दूर होतो, कारण तुम्ही माहितीवर हक्क मागत नाही, एका रचनेवर मागता, आणि ती रचना काहीतरी घडवून आणते. छापील खुणांना पेटंटमध्ये वजन मिळतं ते असं, वस्तूच्या चालण्यात त्या गुंतल्या की.

तरी हुरळून जाऊ नका. ठरावीक मात्रा मोजून देणाऱ्या बाटल्या आहेत. दोन तोंडांची, दाबली की वरच्या कप्प्यात ठरलेलं औषध चढतं अशी बाटली तुम्हीही दुकानात पाहिली असेल. फिरत्या बाहीने भोक उघड-झाक करणं हेही झाकणांमध्ये असतं. कायदा इथे दोन गोष्टी बघतो. आधी माहीत असलेल्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व आहे का, आणि त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ते सहज सुचलं असतं का. शिवाय कलम ३ मधलं (एफ) उपकलम सांगतं की माहीत असलेली साधनं नुसती शेजारी शेजारी ठेवली आणि ज्याने त्याने आपापलं जुनंच काम केलं, तर तो शोध नाही.

माझ्या मते म्हणूनच त्या पाझरण्याकडे वेगळ्या नजरेने बघायला हवं. तुम्ही त्याला अपयश समजून मॉडेल कपाटात ठेवलंत. पण बाही हाताने सहज फिरली पाहिजे आणि पातळ द्रावकालाही वाट मिळता कामा नये, तेही इंजेक्शन मोल्डिंगच्या स्वस्त दोन भागांत, ही खरी तांत्रिक अडचण आहे. ईसी औषधात साधी रबरी रिंग फुगते हे तुम्ही कदाचित अनुभवलंही असेल. ती अडचण तुम्ही कशी सोडवता, पाझर अडवायला कडेला ओठ कसा देता, निमुळतेपणा किती ठेवता, रिंगेविना जमवता का, त्यात पेटंट मिळण्याजोगा भाग असण्याची शक्यता रेघांपेक्षा कितीतरी जास्त आहे. हे काम तुमच्या हातातलं आहे. तुम्ही रोज मशीनवर उभे असता, सल्लागार नसतो.

ते करताना काही गोष्टी पाळा. दुसरं मॉडेल आत्ता कुणाला दाखवू नका, व्हिडिओ तर मुळीच नको. डाय मेकरकडे, म्हणजे साचा बनवणाऱ्याकडे, ड्रॉइंग देण्याआधी गोपनीयतेचा साधा करार सहीनिशी करून घ्या. ओळखीचा असला तरी. अंबड-सातपूर भागात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि बहुतेक वेळा गोष्ट कुणी मुद्दाम फोडत नाही, चहाच्या टपरीवर सहज बोलण्यात जाते. आधीची पेटंटं स्वतः शोधा. आपल्या पेटंट कार्यालयाची इनपास ही सुविधा, गुगल पेटंट्स आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप, तिन्ही फुकट आहेत. मोजमापाची भांडी, मात्रा देणारी झाकणं असं शोधत गेलात तर दोन-तीन रात्रींत तुम्हाला इतकं सापडेल की सल्लागाराच्या बोलण्यातलं खरं किती ते तुमचं तुम्हालाच कळेल.

शोधानंतरही उमेद राहिली तर प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज करा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. मग पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात, तेवढ्यात पाझर थांबवायचा. तपासणीच्या विनंतीला आणखी ४,००० रुपये, आणि ती पहिल्या अर्जापासून ३१ महिन्यांत करावी लागते. एजंटची फी वेगळी, पण सरकारी फी इतकीच आहे हे माहीत असलं की समोरच्याने सांगितलेल्या रकमेचा अंदाज येतो. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, त्यासाठी तुम्हाला नाशिक सोडावं लागत नाही. उद्यम नोंदणी असेल तर पेटंटच्या खर्चासाठी सध्या कोणती योजना चालू आहे ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. आणि अर्जातले दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते, लिहून घेताना "फवारणीची पद्धत" असं कुठे येऊ देऊ नका. शेतीच्या पद्धतींना कलम ३ (एच) खाली पेटंट मिळत नाही. हक्क मागायचा तो साधनावर.

पहिल्या मापाकडे परत येते, कारण आज पोट त्यावर आहे. डिझाइन नोंदणीचा विचार मनात येईल. २००० च्या कायद्याखाली दहा वर्षं आणि वाढवून आणखी पाच असं संरक्षण मिळतं. पण तिथेही वस्तू आधी उघड झालेली चालत नाही, आणि डोळ्याला दिसणारं रूप तेवढं राखलं जातं. तुमच्या रेघांच्या जागा डोसने ठरतात, रूपाने नाही. नव्या साच्यात आकार खरोखर वेगळा करणार असाल तर विकण्याआधी नोंदवा. तुमच्यासाठी मला त्याहून भक्कम वाटतो तो ट्रेडमार्क. लहान उद्योगाला एका वर्गाची ऑनलाइन फी ४,५०० रुपये, दर दहा वर्षांनी नूतनीकरण, आणि आधी विकलं म्हणून तो हातचा जात नाही. दुकानात शेतकरी नावाने माप मागायला लागला तर नक्कल करणाऱ्याला रेघा मिळतील, गिऱ्हाईक मिळणार नाही. वैध मापन शास्त्र कार्यालयातही एकदा जाऊन या. माप म्हणून वस्तू बनवून विकता आहात, तर परवान्याचं काय ते त्यांच्याकडून लेखी घ्या.

पेटंट मिळालं की नक्कल थांबते, हेही एक गृहीतक तुमच्या पत्रात आहे. पेटंट म्हणजे वीस वर्षं दुसऱ्याला अडवण्याचा हक्क, पण अडवायचं तुम्हीच. दावा जिल्हा न्यायालयात लावावा लागतो, आणि समोरच्याने पेटंट रद्द करण्याची उलट मागणी केली की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. वकील, तारखा, मुंबईच्या फेऱ्या. माप किती रुपयांना विकता आणि एका हंगामात किती, हे लिहून त्यासमोर हा खर्च मांडा. बाहीच्या मॉडेलला तो कदाचित पेलेल, कारण ते एखाद्या औषध कंपनीला परवान्याने देता येईल. रेघांच्या मापाला पेलणार नाही.

सल्लागाराला आत्ता पैसे देऊ नका. मागायचंच असेल तर बाहीच्या मॉडेलसाठी लेखी शोध-अहवाल मागा, गोपनीयतेच्या सहीनंतर, आणि तेवढ्याचेच पैसे द्या.

आणि "पेटंटेड" हा शब्द छापायला दिला असेल तर आजच फोन करून थांबवा. पेटंट नसताना तसं लिहिणं कलम १२० खाली गुन्हाच धरलं जायचं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि चालूच ठेवलं तर दिवसाला हजार रुपये वर. अर्ज केलेला नसताना "पेटंटसाठी अर्ज केला आहे" असं छापणंही त्याच कलमात येतं. त्या जागी तुमच्या मापाचं नाव मोठ्या अक्षरात घाला, आणि त्याखाली: "लेबलवरचा डोस आधी वाचा. हे माप फक्त औषधासाठी, घरात वापरू नये." ही ओळही साच्यातच उठवा.